मागून आणलेली मोटार

एके काळी मोटार ही मोजक्या घरांची मिरवण्याची वस्तू होती. आज ती पुष्कळ घरांत दाराजवळच्या खुंटीवर लटकणारी एक किल्ली होऊन बसली आहे. ती किल्ली कोण, केव्हा आणि कशासाठी घेऊन जातो ह्याकडे घरातील वडील मंडळींचे फारसे लक्ष असत नाही. पुतण्याला मित्राच्या लग्नाला जावयाचे असते, शेजारच्या बिऱ्हाडातील तरुणाला स्टेशनवरून पाहुणे आणावयाचे असतात, कचेरीतील सोबत्याची स्वतःची गाडी दुरुस्तीला गेलेली असते. "अकराच्या आत आणून लावतो, काका," असे म्हणून तो किल्ली मागतो. नाही म्हणण्याची आपल्याला भीड वाटते, आणि आपण ती देतो.

शंभरातील नव्याण्णव वेळा गाडी सुखरूप परत येते. शंभराव्या वेळी पहाटे दारावर थाप पडते. बाहेर फौजदार आणि एक हवालदार उभे असतात. "ही मोटार आपलीच ना? काल रात्री ती कोण चालवीत होते?" असा त्यांचा साधाच प्रश्न असतो. रात्री कोठे तरी त्या मोटारीने कोणास उडविलेले असते, आणि ती चालविणारा मनुष्य गाडी टाकून अंधारात नाहीसा झालेला असतो.

हे फौजदार नेमके आपल्याच दाराशी कसे येऊन पोचले, येथून पुढे ते त्या पळालेल्या मनुष्यापर्यंत कसे जाणार, आणि त्यांच्या प्रश्नाला आपण देऊ त्या उत्तराला एवढे महत्त्व का, हे आज मी आपणास सांगणार आहे.

मद्यपान करून मोटार चालविण्याचा गुन्हा मोटारीइतकाच जुना आहे. १० सप्टेंबर १८९७ रोजी लंडन शहरात विजेवर चालणारी एक भाड्याची गाडी बाँड स्ट्रीटवरील एका इमारतीवर जाऊन आदळली. गाडीचा सारथी पंचवीस वर्षांचा होता. आपण बिअरचे दोन-तीन पेले घेतले होते हे त्याने कबूल केले आणि त्याला दंड झाला. ह्या गुन्ह्यासाठी पकडला गेलेला पहिला मोटारचालक म्हणून त्याची नोंद आहे. गाडी त्याच्या मालकीची नव्हती, ती एका कंपनीची होती. परंतु पोलिस शिपायाला शोध असा काही करावा लागलाच नाही. ती गाडी फार तर ताशी पंधरा-वीस किलोमीटर धावणारी, आणि सारथी जागेवरच उभा. तपासाचे खरे शास्त्र निर्माण झाले ते मोटारी वेगाने पळू लागल्यावर आणि सारथी त्याहून वेगाने पळू लागल्यावर.

ह्या शास्त्राचे आपल्या देशातील एक प्रसिद्ध उदाहरण पाहू. १० जानेवारी १९९९ च्या पहाटे दिल्लीत लोदी रस्त्याच्या परिसरात एका भरधाव मोटारीने रस्त्यावर उभ्या असलेल्या सात जणांना चिरडले. त्यांपैकी सहा जण मरण पावले. मृतांत तीन पोलिस शिपाई होते. मोटार क्षणभर थांबून निघून गेली. परंतु धडकेने तिच्या यंत्रातून तेल गळू लागले होते. तपासावर आलेल्या एका पोलिस अधिकाऱ्याच्या दृष्टीस डांबरावर पडत गेलेली ती तेलाची रेघ आली, आणि तिच्या मागोमाग जात तो गोल्फ लिंक्स ह्या वस्तीतील एका बंगल्यापाशी येऊन पोचला. तेथे ती मोटार उभी होती आणि तिच्यावरील डाग धुण्याचे काम चालले होते.

पुढे तो खटला तेरा वर्षे चालला. मध्यंतरी साक्षीदार फिरले. परंतु तेलाची रेघ फिरली नाही, मोटारीच्या पत्र्यावरील पोचे फिरले नाहीत, आणि चालकाच्या रक्तात सापडलेले मद्यही फिरले नाही. ते रक्त अपघातानंतर काही तासांनी घेतलेले असूनही त्यात दर १०० मिलिलिटरमागे ११५ मिलिग्रॅम मद्यार्क आढळला होता. ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सदोष मनुष्यवधाचा गुन्हा कायम केला. तोपर्यंत भोगलेली कैद पुरेशी मानून न्यायालयाने आरोपीस पन्नास लाख रुपये भरण्यास सांगितले आणि दोन वर्षे समाजसेवेचे काम लावून दिले. ते पैसे ज्यांना उडविणारा सापडतच नाही अशा अपघातग्रस्तांसाठी वापरावेत, अशी त्या आदेशात योजना होती.

तेलाची रेघ प्रत्येक वेळी मिळत नाही, हे खरे. परंतु काही ना काही मिळतेच, असे ह्या शास्त्राचे मूलतत्त्व सांगते. फ्रान्समधील ल्यों शहरी एदमाँ लोकार ह्या संशोधकाने १९१० साली पोलिसांसाठी एक लहानशी प्रयोगशाळा उघडली. दोन वस्तू एकमेकींस भिडल्या की प्रत्येक वस्तू दुसरीवर आपला काही अंश ठेवते, ह्या त्याच्या शिकवणीवर आजचा अपघात-तपास उभा आहे. फौजदार घटनास्थळी पोचतात तेव्हा त्यांचे पहिले काम जखमींना रुग्णालयात पोचविण्याचे. दुसरे काम रस्ता मोकळा करण्याचे नव्हे, तर तो जसा आहे तसा टिपून घेण्याचे. दोन पंचांसमक्ष पंचनामा होतो, मोजमापे घेतली जातात, छायाचित्रे काढली जातात. रस्त्यावर पडलेला दिव्याच्या काचेचा तुकडा पाकिटात जातो. मृताच्या कपड्यांस चिकटलेला रंगाचा पापुद्रा दुसऱ्या पाकिटात जातो. मोटारीचा रंग एका थराचा नसतो. पत्र्याला गंज चढू नये म्हणून एक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग, त्यावर चकाकी, असे थर त्यात असतात. गाडी एकदा पुन्हा रंगविलेली असली तर त्यांत आणखी भर पडते. नखाएवढ्या पापुद्र्यातील थरांचा क्रम संशयित गाडीच्या रंगाशी जुळला, तर ती साक्ष डोळ्यांनी पाहणाऱ्याच्या साक्षीपेक्षा कमी मोलाची नाही.

टायरांच्या काळ्या पट्ट्यांतही गणित दडलेले असते. ब्रेक करकचून दाबल्यावर चाके जखडतात आणि रबर डांबरावर घासत जाते. कोरड्या डांबरी रस्त्याचा घर्षणांक सुमारे ०.७ धरला आणि गाडी वीस मीटर घासत जाऊन थांबली असली, तर ब्रेक लागतेवेळी तिचा वेग ताशी साठ किलोमीटरच्या आसपास होता असे निघते. हाच पट्टा चाळीस मीटरांचा असेल तर वेग सुमारे चौऱ्यांशी येतो. अंतर दुप्पट झाले म्हणून वेग दुप्पट होत नाही, तो त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. हल्लीच्या मोटारींत चाके जखडू न देणारी योजना असल्यामुळे हे पट्टे पुसट उमटतात, आणि कधी मुळीच उमटत नाहीत. परंतु पट्टे मुळीच नसले तर तपासणाऱ्याच्या मनात आणखी एक शंका येते. समोर माणूस दिसूनही चालकाचा पाय ब्रेकवर वेळेत गेलाच नाही, असे तर झाले नाही? मद्याने प्रथम मंदावते ती नेमकी हीच क्रिया, पाहणे आणि हालचाल करणे ह्यांच्यामधील ती क्षणार्धाची सांधणी.

अशा रीतीने मोटार सापडते. कधी तिचा क्रमांक कोणी पाहिलेला असतो, कधी चौकातील कॅमेऱ्याने टिपलेला असतो, तर कधी पथकर नाक्यावरील नोंदीत मिळतो. क्रमांकाची पाटी काढून टाकलेली असली तरी गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला सतरा अक्षर-अंकांचा क्रमांक असतोच. त्यावरून परिवहन खात्याच्या नोंदीत मालकाचे नाव निघते, आणि फौजदार आपल्या दाराशी येतात.

येथे तपासाचा पहिला टप्पा संपतो आणि दुसरा, अधिक अवघड टप्पा सुरू होतो. नोंदवहीत मालकाचे नाव असते, चालकाचे नसते. मोटार मागून आणलेली असली म्हणजे ह्या दोहोंमध्ये एक दरी पडते. पुतण्याने ती आपल्या मित्राला दिलेली असते, मित्राने आणखी कोणाला तरी. प्रत्येक जण "मी नव्हतो" म्हणतो, आणि प्रत्येकाचे म्हणणे अर्धे खरे असते. ही दरी ओलांडता यावी म्हणून आपल्या मोटार वाहन कायद्याने, म्हणजे १९८८ च्या अधिनियमाने, एक पूल बांधून ठेवला आहे. त्याच्या १३३ व्या कलमाप्रमाणे, चालकावर गुन्ह्याचा आरोप असेल तर अधिकृत पोलिस अधिकाऱ्याने विचारताच मालकाने चालकाचे नाव, पत्ता आणि परवान्याविषयीची माहिती दिली पाहिजे. स्वतःला असलेली माहिती तर द्यावयाचीच, शिवाय थोड्याशा चौकशीने मिळविता येण्याजोगी माहितीही मिळवून द्यावयाची. "मला ठाऊक नाही, पोरांनी नेली होती," एवढ्यावर मालकाची सुटका होत नाही.

कित्येकदा ह्या घडीला एक तिसराच मनुष्य पुढे येतो. घरचा पगारी चालक किंवा एखादा गरजू नातलग ठाण्यावर हजर होऊन "गाडी मीच चालवीत होतो" असे सांगतो. त्याने रात्री मद्य घेतलेले नसते, त्याचा परवाना बिनचूक असतो, आणि कबुली सुद्धा तयार असते. अनुभवी अधिकारी अशा कबुलीवर समाधान मानीत नाही. तो पुन्हा मोटारीकडे जातो, कारण चालकाच्या जागी कोण बसले होते हे मोटार सांगू शकते. आसन किती पुढे-मागे सारलेले आहे ह्यावरून बसणाऱ्याच्या उंचीचा अंदाज येतो. आपल्याकडे सुकाणू उजव्या बाजूस असल्यामुळे सुरक्षापट्ट्याचा वळ चालकाच्या उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेकडे उतरतो. शेजारी बसलेल्याचा वळ नेमका उलट असतो. धडकेसरशी फुगणाऱ्या हवेच्या पिशवीवर तोंडाची लाळ, कातडीचा अंश, क्वचित रक्त लागते, आणि त्यांतील आनुवंशिक द्रव्याची तपासणी करता येते. ब्रेकच्या पायटीची नक्षी कधी कधी जोड्याच्या तळव्यावर उमटलेली आढळते. कबुली देणाऱ्याच्या अंगावर एकही वळ नसेल आणि आसन त्याच्यापेक्षा वीतभर उंच माणसाला साजेल असे मागे सारलेले असेल, तर त्या कबुलीची किंमत काय ते उघडच आहे.

काच, रंग, वळ, आसन ह्या सर्व वस्तू थांबतात. अधिकारी चार तासांनी आला, दुसऱ्या दिवशी आला, तरी त्या बहुधा जागच्या जागी असतात. ह्या सगळ्या तपासात एकच पुरावा असा आहे की जो कोणाची वाट पाहत नाही. तो म्हणजे रक्तातील मद्यार्क.

मद्य पोटातून आणि आतड्यांतून रक्तात शिरते आणि रक्ताबरोबर मेंदूपर्यंत जाते. त्याचा निचरा करण्याचे काम मुख्यतः यकृत करते, आणि यकृत आपल्या ठरलेल्या गतीने काम करते. स्वीडनचे शास्त्रज्ञ एरिक विडमार्क ह्यांनी १९२० आणि १९३० ह्या दशकांत ह्या निचऱ्याचे गणित मांडले. सर्वसाधारण माणसाच्या रक्तातील मद्यार्क दर १०० मिलिलिटरमागे ताशी सुमारे १५ मिलिग्रॅम ह्या बेताने उतरतो. कोणात ही गती १० असते, कोणात २० च्याही पुढे जाते. कडक कॉफी, लिंबाचे सरबत, थंड पाण्याची आंघोळ ह्यांनी डोळे उघडल्यासारखे वाटतात, परंतु यकृताचा वेग त्यांनी वाढत नाही.

आता हे आकडे घड्याळाशेजारी मांडून पाहू. आपल्या कायद्याच्या १८५ व्या कलमाप्रमाणे रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमहून अधिक मद्यार्क असता वाहन चालविणे हा गुन्हा आहे. समजा, मध्यरात्री अपघात झाला तेव्हा चालकाच्या रक्तात ९० मिलिग्रॅम, म्हणजे मर्यादेच्या तिप्पट मद्यार्क होता. ताशी १५ च्या हिशेबाने पहाटे चार वाजता तो ३० वर येईल, आणि सकाळी सहाच्या सुमारास रक्त स्वच्छ होईल. म्हणजे जो मनुष्य सहा तास एखाद्या मित्राच्या घरी पडून राहिला आणि आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून वकिलासह ठाण्यावर आला, त्याच्या रक्तात दाखविण्यासारखे काही उरतच नाही. मूत्रात मद्याचे काही अवशेष आणखी दोन-तीन दिवस सापडू शकतात. परंतु त्याने मद्य घेतले होते एवढेच त्यांवरून सिद्ध होते, अमुक वाजता तो झिंगलेला होता हे होत नाही.

२०२४ च्या जुलैत मुंबईत वरळी येथे एका पहाटे मोटारीने एका स्त्रीचा बळी घेतला. त्या प्रकरणातील आरोपी पोलिसांच्या हाती लागला तो दोन दिवसांनी. त्या प्रकरणाचा निवाडा करण्याचे काम न्यायालयाचे, आपण त्याविषयी बोलू नये. परंतु दोन दिवसांनी घेतलेल्या रक्ताला त्या पहाटेविषयी काय सांगता येईल, हे आपण आत्ताच पाहिले.

कोणी म्हणेल, की रक्ताचाच एवढा आग्रह कशाला? तोंडाला वास येत होता, पाय लटपटत होते, बोलणे अडखळत होते, एवढे पुरे नाही काय? न्यायालयाला ते पुरे वाटत नाही, आणि त्याला कारण आहे. १९७१ साली महाराष्ट्रातील एका मोटार-अपघाताच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, वास, डळमळती चाल, असंबद्ध बोलणे आणि विस्फारलेल्या बाहुल्या एवढ्यावरून मनुष्य मद्याच्या अमलाखाली होता असे ठरविता येत नाही. डोक्याला मार लागलेला मनुष्यही अडखळतो, आणि भेदरलेल्याचेही पाय लटपटतात. म्हणून मोजमाप हवे.

हे मोजमाप दोन प्रकारे होते. पहिले श्वासाचे. फुप्फुसांत रक्त आणि हवा शेजारी येतात तेव्हा रक्तातील मद्यार्काचा काही अंश ठराविक प्रमाणात हवेत उतरतो. सुमारे २१०० मिलिलिटर श्वासात जेवढा मद्यार्क असतो तेवढा एक मिलिलिटर रक्तात असतो, असे धरले जाते. ह्या तत्त्वावर अमेरिकेतील इंडियाना संस्थानच्या पोलिसदलात काम केलेल्या रॉबर्ट बोर्केनस्टाइन ह्यांनी १९५४ साली हातात नेता येण्याजोगे श्वासयंत्र तयार केले. नाक्यावर फौजदार फुंकावयास सांगतात ते यंत्र त्याच्याच वंशातले. दुसरे मोजमाप रक्ताचे. नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायी ते रक्त घेतो. सुई टोचण्यापूर्वी कातडी स्पिरिटने पुसावयाची नसते, नाही तर मद्यार्क बाहेरूनच आत जावयाचा. कुपीत सोडियम फ्लोराइड घातलेले असते, म्हणजे रक्तात पुढे आंबण्याची क्रिया होऊन नवे मद्य तयार होत नाही. कुपीला मोहोर लागते, ती कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेली ह्याची नोंद राहते, आणि मग ती न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोचते. ह्या साखळीतील एक दुवा जरी निखळला तरी उरलेल्या सर्व दुव्यांचा उपयोग संपतो.

कायद्यालाही घड्याळाची जाणीव आहे. मद्यपान करून वाहन चालविल्याबद्दल एखाद्यास वॉरंटाशिवाय अटक केली, तर अटकेपासून दोन तासांच्या आत त्याची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे, नाही तर त्याला सोडून द्यावे लागते. तपासणीस नकार देऊन सुटता येईल असे कोणास वाटत असेल, तर तो नकारही फिर्यादीच्या बाजूची परिस्थिती म्हणून गृहीत धरण्याची मुभा न्यायालयास आहे. "अपघातानंतर भीतीने गडबडलो आणि तेव्हा घोटभर घेतली," अशीही एक ठरीव सबब असते. तिच्यासाठी तासाभराच्या अंतराने दोन नमुने घेणे उपयोगी पडते. मद्य नुकतेच पोटात गेले असेल तर दुसरा आकडा बहुधा चढलेला असतो, जुने असेल तर उतरलेला. शिवाय मद्यगृहाचे बिल, तेथील कॅमेऱ्यातील चित्र आणि वाढप्याचा जबाब असतातच. परंतु ही सारी जुळवाजुळव रक्ताची जागा पुरती भरून काढीत नाही.

आता, श्रोतेहो, ह्या साऱ्याचा अर्थ पाहा. पळून जाण्यात मद्यपी चालकाचा फायदा आहे. तो जितका अधिक काळ लपून राहील तितका त्याच्यावरील मोठ्या आरोपाचा पुरावा विरघळत जाईल. आणि तो लपून बसलेला असतो त्याच वेळी रस्त्यावर पडलेल्या माणसाच्या अंगातून रक्त वाहत असते. कायद्याच्या १३४ व्या कलमाने चालकावर दोन कर्तव्ये घातली आहेत. जखमीस वैद्यकीय मदत मिळवून देण्यासाठी शक्य ते सर्व करावे, आणि शक्य तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांत, पोलिसांना खबर द्यावी. परंतु ज्याच्या रक्तात मर्यादेच्या तिप्पट मद्य आहे त्याला ही दोन्ही कर्तव्ये स्वतःच्या गळ्यातील फासासारखी भासतात. एका बाजूस जखमीचे तास मोजले जात असतात, दुसऱ्या बाजूस मद्याचे. एका तासाचा विलंब पहिल्याचा जीव घेऊ शकतो, आणि तोच तास दुसऱ्याला आरोपातून सोडवू शकतो. चालक सापडलाच नाही, तर मृताच्या वारसांस सरकारी योजनेतून मिळणारी भरपाई २०२२ पासून दोन लाख रुपये आहे, आणि गंभीर जखमीस पन्नास हजार. कमावता माणूस गेलेल्या घराचे त्यात किती दिवस भागेल?

ह्या शर्यतीत चालक पळतो आहे आणि फौजदार त्याच्यामागे आहेत. दोघांमधील अंतर एका क्षणात मिटवू शकेल असा एकच मनुष्य असतो. तो म्हणजे ज्याने किल्ली दिली तो. रात्री दोन वाजता फौजदारांनी विचारताच त्याने खरे नाव सांगितले, तर अडीच वाजता चालक सापडतो आणि तीन वाजता कुपीला मोहोर लागते. त्याने "सकाळी चौकशी करून सांगतो" म्हटले, तर त्या चार-पाच तासांत काय नाहीसे होते हे आपण पाहिलेच आहे. पुतण्याविषयीचे प्रेम, शेजाऱ्याची भीड, घराण्याचे नाव, ह्या साऱ्या गोष्टी त्या क्षणी मनात दाटून येणे स्वाभाविक आहे. परंतु आपल्या मौनाचा भार नेमका कोणावर पडतो, तेही त्याच क्षणी आठवावे.

किल्ली देणारा ह्यातून कोरडा सुटतो असेही नाही. परवाना नसलेल्यास गाडी चालवू दिली तर तो मालकाचा स्वतंत्र गुन्हा ठरतो. मद्य प्यालेला आहे हे दिसत असून कोणी किल्ली हाती दिली, तर गुन्ह्यास साहाय्य केल्याबद्दल मूळ गुन्ह्याइतकीच शिक्षा कायद्यात सांगितलेली आहे. अज्ञान मुलाने गाडी नेऊन गुन्हा केला, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास किंवा मालकास तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड होऊ शकतो, आणि गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते. विमा आहे म्हणून निर्धास्त राहावे, तर विमा कंपनीने अपघातग्रस्तास भरपाई द्यावी आणि अटी मोडल्या असल्यास ती रक्कम पुढे मालकाकडून वसूल करावी, असे आदेश न्यायालये देत आली आहेत.

परंतु दंडाच्या आणि कैदेच्या धाकाने मी हे सांगत नाही. फौजदारांचे सारे कौशल्य अपघात घडून गेल्यानंतरचे आहे. तेलाची रेघ, रंगाचा पापुद्रा आणि मोहोरबंद कुपी ह्यांनी न्याय मिळेल, पण गेलेला माणूस मिळणार नाही. आपल्या हाती आहे ते त्याच्या आधीचे. किल्ली देताना दोन प्रश्न विचारण्यास संकोच वाटू नये. गाडी तूच चालविणार का? आणि तेथे पिण्याचा बेत आहे का? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर गुळमुळीत आले, तर "बाबा रे, आज गाडी राहू दे. जाण्यायेण्याचे टॅक्सीचे पैसे मी देतो," असे म्हणावे. पुतण्या दोन दिवस रुसेल. तो रुसवा पुढच्या सणाला निघून जाईल.

आणि इतके करूनही एखाद्या रात्री दारावर थाप पडलीच, तर फौजदारांस आत बोलवावे, दिवा लावावा, आणि ज्याच्या हाती आपण किल्ली दिली त्याचे नाव आणि पत्ता, घड्याळाकडे पाहून, त्याच क्षणी सांगावा.